अकरा वाजताचा लाल शेरा

आमच्या घरी आलेल्या नव्या कॉम्प्युटरमध्ये पहिल्याच आठवड्यात एकशे सत्तावीस चुका निघाल्या. त्यातली एकही माझी नव्हती, असं मला तेव्हा वाटत होतं.

कॉम्प्युटर पाठवला आमच्या मुलीनं, मनीषानं, बंगळूरहून. कारण एकच, तिचा मुलगा अर्णव. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तो जन्मल्यापासून तीन महिने इथं ढोकीतच होता, आणि त्यातला बराचसा काळ माझ्या मांडीवर. मग मनीषा त्याला घेऊन गेली. पाळण्याची दोरी अजून कडीला तशीच लटकते आहे, ती सोडायला माझा हात धजत नाही. (हात पुरत नाही, असं मी घरात सांगतो.) मोबाइलवर नातू दिसायचा, पण कधी नुसता कान, तर कधी नुसतं कपाळ. अख्खा नातू बघायचा, तर पडदा मोठा हवा!

बसस्टँडसमोर दुकान असलेले रशीदभाई कॉम्प्युटर जोडायला आले. मशीन सुरू झालं, तसं मी विचारलं, "याचं लॉगबुक कुठं असतं?"

रशीदभाईंनी माझ्याकडं वळून बघितलं. पण त्यात माझं काय चुकलं? साखर कारखान्याच्या बॉयलरवर मी चौतीस वर्षं काढली. दर तासाला वाफेचं प्रेशर किती, पाणी किती, ते लॉगबुकात लिहायचं. काही बिघडलं की लाल शाईनं शेरा. आणि ज्याच्या पाळीत लाल शेरा पडला, त्यानं त्या शेऱ्यासमोर उत्तर लिहिल्याशिवाय घरी जायचं नाही!

"साहेब, हे विचारणारं गिऱ्हाईक तुमीच पहिले!" असं म्हणत त्यांनी दोन-चार ठिकाणी टिचक्या मारल्या आणि खरंच लॉगबुक उघडलं. बघतो तर पानभर लाल ठिपके!

"हे काय?"

"एरर. असत्यात. सगळ्याच मशीनला असत्यात. चलता है! मशीन चालतंय ना?"

"चालता चालताच तर बॉयलर फुटतो, रशीदभाई!"

त्यांनी चहाचा कप अर्धाच ठेवला आणि दुकानात गर्दी असल्याचं सांगून ते निघून गेले.

मी दोनशे पानी वही आणली, समास आखला आणि दर तासाच्या ठोक्याला लाल ठिपके उतरवून घ्यायला लागलो. इंग्रजी कळो न कळो, एकेक अक्षर लावून! आमची निर्मला दारात उभी राहून म्हणाली, "अवो, मशीन नातवाला बघायला आणलंय, का त्याचीच नाडी बघत बसायला?"

मी मनीषाला फोन लावला.

"बाबा, कॉम्प्युटरला एखादं काम करायला जरा उशीर झाला तरी तो चूक म्हणून लिहून ठेवतो. मग पुन्हा करतो आणि होतं ते. माझ्या लॅपटॉपमध्ये हजारांनी असतील. नीट चालतंय ना? मग तिकडं बघूच नका."

"बघूच नका? अगं, असं म्हणणाऱ्या माणसाला आम्ही बॉयलरच्या जवळ उभं करत नव्हतो!"

"बरं बाबा, ठेवते. अर्णव उठला."

फोन ठेवताना त्याचं रडणं दोन सेकंद ऐकू आलं. फोन बंद झाल्यावरही मी तो बराच वेळ कानाला धरून होतो. (निर्मलाला वाटलं, मनीषा मला लांबलचक समजावते आहे.)

बुधवारी लाइट गेली आणि आली. त्यानंतर लॉगबुकात नवाच शेरा पडला, 'क्रिटिकल'! हा शब्द मी आजवर फक्त दवाखान्यात ऐकला होता. बॉयलरचा नियम सोपा, संशय आला की आधी आग काढायची. मी तडक प्लग ओढला. तासभर मशीन थंड होऊ दिलं. सुरू करून बघतो तर दुसरा क्रिटिकल! पुन्हा प्लग ओढला. तर तिसरा! मी जेवढी काळजी घ्यावी, तेवढी त्याची तब्येत ढासळत चालली. रविवारी सकाळपर्यंत दहा झाले.

रविवारी साडेदहाला व्हिडिओ कॉल. पडद्यावर अर्णव अख्खा दिसत होता, अगदी लाल मोज्यांसकट!

"बाबा, काल तो सोफ्याला धरून धरून सरकत होता," मनीषा म्हणाली. "आज बहुतेक हात सोडेल. मी लॅपटॉप खाली ठेवते, तुम्ही हाक मारा."

आम्ही दोघांनी हाका मारमारून घसा बसवून घेतला. अर्णव अर्धा तास सोफ्याचं कव्हर चघळत राहिला.

तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळात अकराचे ठोके पडले. चौतीस वर्षांची सवय! हात आपोआप लॉगबुकाकडं गेला. अर्धा पडदा यादीनं झाकला आणि सगळ्यात वर आजच्याच तारखेचा दहावा क्रिटिकल! ऐन नातवाच्या वेळेला मशीन गेलं तर? मी वाकलो आणि प्लग ओढला.

"चालला! अवो, चालला की!" निर्मला ओरडली आणि पडदा काळा झाला.

"काय झालं?"

"दोन पावलं टाकली त्यानं! तिसरं कुठं गेलं?"

तिसरं पाऊल मी माझ्या हातात धरून उभा होतो.

मोबाइल वाजला. मनीषा हसत होती. "बाबा, पाच पावलं टाकली! सरळ लॅपटॉपपर्यंत आला. त्याच्यावर थापा मारल्या." मग तिचं हसू थांबलं. "मग लॅपटॉपच्या मागं जाऊन बघितलं त्यानं. आजोबा कुठं गेले म्हणून."

निर्मलानं डोळ्याला पदर लावला आणि दुसऱ्या डोळ्यानं माझ्याकडं बघितलं. त्या डोळ्याचं प्रेशर मला बरोबर कळलं.

मनीषानं मला वहीतला क्रिटिकल अक्षर अक्षर वाचायला लावला.

"बाबा, नीट बंद न करताच वीज तुटली, एवढंच लिहिलंय त्यानं. पहिल्यांदा लाइट गेली होती. नंतर दर वेळी तुम्ही प्लग ओढलात आणि त्यानं ते इमानदारीनं लिहून ठेवलं."

"म्हणजे दहाच्या दहा..."

"एक लाइटचा, नऊ तुमचे!"

दुपारी वही उघडली, तर माझ्याच लाल पेनानं निर्मलाच्या अक्षरात नवा शेरा होता: 'वेळ अकरा. नातू चालला. आजोबांनी प्लग काढला. उत्तर द्या.'

मी चष्मा लावून वही पुढं ओढली. मनीषा किती दिवस म्हणत होती, "बाबा, या ना इकडं." आणि मी म्हणायचो, "घर कोण बघणार?" खरं सांगायचं, तर कारखान्यात असताना मी कधी रजा मागितली नाही आणि नोकरी सुटल्यावरही मागायला शिकलो नाही. नातू मात्र रोज आठवायचा, अगदी तासाच्या तासाला. त्याची नोंद करायला कुठल्या वहीत रकाना नव्हता.

मी उत्तर लिहिलं: 'तपासणी केली. बिघाड मशीनमध्ये नसून चालकात आहे. प्रत्यक्ष पाहणीसाठी दोघं बंगळूरला जात आहोत.'

निर्मलानं दोनदा वाचलं, खाली सही ठोकली आणि सहीखाली लिहिलं: 'मंजूर. पन तिथं गेल्यावर भिंतीवरच्या कुठल्याबी बटनाला हात लावायचा न्हाय!'