कंसातला एक शब्द

वाहिनीच्या इमारतीत तिला सगळे टंकताई म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण तिथे ते वाचायला कोण जातंय? दुसऱ्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या एका खोलीत कानाला हेडफोन लावून ती बसे आणि थेट कार्यक्रमात माणसं जे बोलतील ते बोलता बोलता टाइप करी. ते शब्द दोन-तीन सेकंदांत पडद्याच्या तळाशी उमटत, ज्यांना ऐकू येत नाही त्यांना वाचता यावेत म्हणून. त्याआधी बारा वर्षं तिनं कोर्टात लघुलेखन केलं होतं. दोन वकील एकदम भांडू लागले तरी तिच्या हातून कुणाचं वाक्य सुटत नसे.

घरी ती आणि तिचे वडील, अशी दोघंच. बाबा आयुष्यभर छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत आले. यंत्रांच्या धडधडीनं त्यांचे कान आधी कमी झाले, मग गेलेच. त्यांच्याशी बोलायचं तर समोर बसून, ओठ स्पष्ट हलवून बोलावं लागे. टीव्ही मात्र ते लेकीच्या ओळींवर बघत. एखादं जोडाक्षर चुकलं की ती घरी येईपर्यंत कागदावर लिहून ठेवत आणि चहाच्या कपाखाली सरकवत. वाहिनीतल्या अकरा वर्षांत असे कागद फार झाले नव्हते, याचा दोघांनाही अभिमान होता.

त्या वर्षी नगराध्यक्षपदासाठी दोघंजण उभे होते. एक डॉक्टरीणबाई, सरकारी दवाखान्यात तीस वर्षं काढलेल्या. आवाज बारीक, बोलणं घाईचं. दाराबाहेर अजून चाळीस पेशंट बसलेत असं वाटावं. दुसरे एक वकीलसाहेब. त्यांचा आवाज खर्जातला, संथ. आज वार कोणता एवढंच त्यांनी सांगितलं असतं तरी समोरच्यानं विचारपूर्वक मान डोलावली असती. दोघांच्या दोन जाहीर चर्चा ठरल्या, आठ दिवसांच्या अंतरानं, संध्याकाळी सहा वाजता, थेट प्रक्षेपण.

पहिल्या चर्चेत विसाव्या मिनिटाला ते घडलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, की पाण्याच्या टाकीची गळती तुम्ही समितीवर असताना तुम्हाला कळवली होती की नव्हती. वकीलसाहेब म्हणाले, "मॅडम, आपण जरा शांतपणे बोलू या." बाईंनी प्रश्न पुन्हा सुरू केला. ते पुन्हा मध्ये बोलले, तितक्याच गोड आवाजात. तिसऱ्या वेळी बाईंचा आवाज चढला, "मला वाक्य पूर्ण करू द्या."

शब्दांबरोबर सूरही कळावा म्हणून टंकताई तो कंसात लिहीत असे. त्यासाठी तिनं कळफलकावर काही आयत्या कळा करून ठेवल्या होत्या. एक दाबली की (हशा), दुसरी दाबली की (टाळ्या), तिसरी (रडत), चौथी (चिडून). आधी ती मालिकांच्या ओळी लिहायची, त्या काळातल्या त्या कळा. मालिकेतली माणसं याहून वेगळं फारसं काही करत नसत, त्यामुळे चार पुरल्या होत्या. तिचं बोट चौथ्या कळेवर पडलं. विचार करायला सवडच नव्हती. पुढचं वाक्य सुरूही झालं होतं. शहरभर पडद्यांवर ओळ उमटली: (चिडून) मला वाक्य पूर्ण करू द्या.

ती घरी पोचली तेव्हा बाबा खुशीत होते. एकही चूक नाही म्हणाले. मग सहज बोलावं तसं म्हणाले, "मी बाईंना मत देणार होतो. आता नाही देत."

तिनं समोर बसून का म्हणून विचारलं.

"चिडली की ती. वीस मिनिटांत चिडली. समोरचा माणूस एवढा सभ्यपणे बोलतोय आणि ही चिडते. हिच्या हाती शहर कसं द्यायचं? मंडळातही सगळ्यांना सांगणार आहे मी."

मंडळ म्हणजे ऐकू न येणाऱ्यांचा गट. दर गुरुवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत वीसेक जण जमत, आणि बाबा तिथले जाणते. बाई चिडल्या होत्या का? टंकताईला आठवेना. आठवत होतं ते फक्त बोटाखालचं बटण.

दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरांकडे तिचा नंबर होता. बाहेरच्या बाकांवर पाच-सहा जण बसले होते आणि भिंतीवरच्या टीव्हीचा आवाज बंद होता. कालच्या चर्चेचे तुकडे दाखवत होते. तोच तुकडा आला, तीच ओळ आली. गाल सुजलेला एक गृहस्थ शेजारणीला म्हणाला, की बाई तापट दिसतात. शेजारीण म्हणाली, दिसतातच. तोंडावरून कळतं.

टंकताई पडद्याकडे बघतच राहिली. आवाजाविना बाईंचं तोंड नुसतं एका प्रश्नावर उघडलं होतं. तापटपणा खालच्या ओळीत होता. तिला आजवर वाटत आलं होतं, की आपल्या ओळी बाबांसारखी थोडी माणसं वाचतात. आता तिला दवाखाने दिसू लागले, बँका, व्यायामशाळा, हॉटेलं, जिथे जिथे टीव्ही मुका चालतो त्या सगळ्या खोल्या. नर्सनं दोनदा हाक मारली तेव्हा कुठे ती उठली, आणि डॉक्टरांना दुखणारा दात उजवीकडचा की डावीकडचा हेही तिला धड सांगता आलं नाही.

जेवणाच्या सुटीत तिनं चर्चेचं रेकॉर्डिंग मागवून घेतलं. तो अर्ध्या मिनिटाचा तुकडा तिनं सात वेळा ऐकला. आवाज चढला होता, यात शंका नव्हती. पण कोर्टात तिनं चिडलेली माणसं जन्मभर पुरतील इतकी ऐकली होती. चिडलेल्या माणसाचा श्वास वाक्याच्या मध्ये तुटतो. हा तुटला नव्हता. हा आवाज गोंगाटात पेशंटचं नाव पुकारणाऱ्या बाईचा होता. आणि वकीलसाहेबांचं "मॅडम" ऐकायला मऊ लागत असलं तरी दर वेळी ते बाईंच्या क्रियापदाच्या बरोबर आधी येत होतं. कंस लावायचाच तर तिथे हवा होता. तिथे तिनं काहीच लिहिलं नव्हतं, कारण त्यासाठी कळच नव्हती.

ध्वनी सांभाळणाऱ्या काकांना तिनं आडून आडून विचारलं. ते म्हणाले, "वकिलानं माइक स्वतः वर सरकवून घेतला होता, त्याला सवय आहे. कुजबुजला तरी खोली भरते. बाईंचा राहिला खाली, पदराजवळ. त्यांना आवाज काढावाच लागला. मी सांगणार होतो, तेवढ्यात थेट प्रक्षेपण सुरू झालं."

ती कार्यक्रमप्रमुखांकडे गेली. ते वाईट माणूस नव्हते, पण निवडणुकीच्या आठवड्यात त्यांना कुणीही नवीन काही सांगितलेलं नको असे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, की खुलासा केला तर ज्यांनी वाचलं नाही तेही वाचतील. एका शब्दानं कुणी निवडून येत नाही की पडत नाही. शिवाय सगळा गाव तेच म्हणतोय, वकिलांचा सूर छान होता आणि बाईंचा कर्कश. ऐकू येणाऱ्यांचंही तेच मत आहे, मग तू एकटीच का जीव जाळतेस?

ते खरं होतं, आणि त्यानं तिला बरं वाटण्याऐवजी आणखीच वाईट वाटलं. बसच्या रांगेत, लिफ्टमध्ये लोक आवाजाबद्दलच बोलत होते. गळतीच्या प्रश्नाला उत्तर काय मिळालं हे कुणाला विचारावं तर जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघे. पण ऐकणाऱ्यांनी निदान आपल्या कानांनी चूक केली होती. बाबांना तिनं आपली चूक उष्टी करून भरवली होती.

बुधवारी संध्याकाळी, मंडळाच्या आदल्या दिवशी, तिनं बाबांना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. ओठ नीट हलवणं तिला जड जात होतं. मध्येच ते थरथरत आणि बाबा "पुन्हा सांग" म्हणत. त्यामुळे सर्वांत कठीण वाक्य तिला दोनदा म्हणावं लागलं. ती चिडली नव्हती, बाबा. ते मी लिहिलं.

बाबांनी टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"म्हणजे अकरा वर्षं मी लोकांना ऐकतोय असं समजत होतो," ते म्हणाले, "आणि ऐकत होतो तुला."

तिनं पिशवीतून कागद काढले. पूर्ण चर्चा, फक्त शब्द, एकही कंस नाही. बाबांनी चष्मा पुसला, पेन्सिल घेतली आणि छापखान्यात मुद्रितं तपासायचे तसे वाचायला बसले. दीड तास वाचत होते. वकीलसाहेबांच्या उत्तरांपाशी समासात खुणा करत होते. शेवटी मान वर करून त्यांनी सांगितलं, की या गृहस्थांनी चौदा प्रश्नांपैकी नऊ प्रश्नांत ताकास तूर लागू दिलेली नाही.

टंकताईला हायसं वाटलं. मग इथून पुढे मी कंसच लिहीत नाही, ती म्हणाली. नुसते शब्द देते.

बाबा भडकले. "वा. म्हणजे तुम्हा ऐकणाऱ्यांना सूर आणि आम्हाला सुकी अक्षरं? सूर मलाही हवाय. पण चिडली की नाही ते मी ठरवीन. तू फक्त आवाज चढला एवढं सांग. आम्ही खिळे जुळवायचो तेव्हा लेखकाच्या वाक्यात आपलं मत घालायची मुभा नव्हती आम्हाला."

गुरुवारी त्यांनी मंडळात काय सांगितलं ते तिला कळलं नाही. परत आले ते दमलेले, आणि लवकर झोपले.

दुसऱ्या चर्चेच्या दिवशी ती दोन तास आधी जाऊन बसली. जुन्या चार कळांमधली तिसरी आणि चौथी तिनं काढून टाकली. नव्या केल्या: (आवाज चढवून), (हळू आवाजात), (मध्येच बोलत), (थांबून). कार्यक्रमप्रमुखांना तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते. मग प्रत्येक कळ तिनं दोन-दोनदा दाबून पाहिली.

या खेपेला काकांनी दोघांचे माइक स्वतः लावले. तरी वकीलसाहेब मध्ये बोललेच. (मध्येच बोलत) मॅडम, मी आपला आदर करतो. (मध्येच बोलत) मॅडम, आकडे राहू द्या. खालच्या पट्टीत ते दोन शब्द पुन्हा पुन्हा येऊ लागले, आणि आता आपण लोकांना उलट्या बाजूनं ढकलत नाही ना, हे टंकताईला सांगता येईना. डॉक्टरीणबाईंनीही एकदा त्यांचं वाक्य तोडलं. तिनं तेही लिहिलं. बाईंचा आवाज दोनदा चढला, दोनदा लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वकीलसाहेबांच्या कचेरीतून तक्रार आली, की खालच्या ओळी पक्षपाती आहेत. तिला वर बोलावलं. टेबलाभोवती चौघं बसून रेकॉर्डिंग ऐकू लागले आणि कार्यक्रमप्रमुख कागदावर रेघा ओढू लागले. ती उभीच होती; बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही. वकीलसाहेब अकरा वेळा मध्ये बोलले होते. तिनं नऊ वेळा लिहिलं होतं.

"दोनदा तू सोडलंस," प्रमुख म्हणाले आणि कागद उलटा ठेवला. तक्रारीला दोन ओळींचं उत्तर गेलं.

रविवारी मतदान झालं. बाबा सकाळीच जाऊन आले. तिनं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मंगळवारी निकाल लागला. डॉक्टरीणबाई बावीसशे मतांनी हरल्या. निकालाच्या ओळीही टंकताईनंच टाइप केल्या. हात चालत होते, पण डोक्यात एकच हिशेब फिरत होता. मंडळाच्या चिटणिसांनी तिला एकदा सांगितलं होतं, की शहरात ऐकू न येणारे चार-साडेचार हजार मतदार आहेत. शिवाय ते मुके टीव्ही. त्यातल्या कितीजणांनी पहिली चर्चा पाहून दुसरी पाहिलीच नाही? बाबांना तिनं हे विचारलं तेव्हा ते म्हणाले, की हे तुला कधीच कळणार नाही, आणि कळल्याचं सोंग कुणी आणलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस.

पावसाळ्यानंतर वाहिनीनं कंसांचे नियम लिहायला तिलाच सांगितलं. ते दीड पानाचे झाले. मसुदा मंडळात वाचला गेला, तिथे त्यावर दोन गुरुवार वाद झाला आणि सहा दुरुस्त्या आल्या. पाच तिनं मान्य केल्या.

काम ती अजून करते. एवढंच झालंय, की कंस आला की तिची बोटं क्षणभर अडतात. एकेकदा दोन सेकंद, एकेकदा तीन. ओळी उशिरा येतात अशी प्रेक्षकांची पत्रं येतात. प्रमुख ती तिच्याकडे पाठवतात आणि ती प्रत्येकाला उत्तर लिहिते, की होय, येतात, प्रयत्न चालू आहे.