शुक्रवारची यादी

दर शुक्रवारी लेकीच्या दप्तरातून एक कागद निघायचा. दोन्ही बाजूंनी छापलेला, मधोमध घडी घातलेला. तिच्या वर्गाच्या बाई तो स्वतः लिहायच्या. आठवडाभरात वर्गात काय काय झालं, कुणाचा दात पडला, कुणी पहिल्यांदा उलटी दोरीउडी मारली, वर्गातल्या कासवानं खाणं कसं सोडलं आणि परत कसं धरलं, असलं सगळं. मागच्या बाजूला तळाशी एक चौकट असायची आणि तिच्यात त्या आठवड्यात ज्यांनी काही पुरं केलं त्या मुलांची नावं. इथल्या आया या कागदाला दायोरी म्हणायच्या, म्हणून मीही दायोरीच म्हणायचे.

मला जपानी वाचता यायचं नाही. उगाच लाजून काय करू? जपानमधल्या निशी-कसाई वस्तीत आमच्यासारख्या पन्नास जणी होत्या, नवऱ्यांच्या प्रोजेक्टच्या मागून आलेल्या. शाळेचे कागद आले की आम्ही ते एकमेकींना दाखवायचो आणि कुणालाच कळायचं नाही. मी एवढंच केलं होतं, की परदेशी नावं ज्या अक्षरांत लिहितात तेवढी अक्षरं घोटून घेतली होती. म्हणजे चौकटीतलं लेकीचं नाव मला बरोब्बर सापडलं असतं. पुण्यात आम्ही निकाल असाच बघत आलो. फळ्यासमोर गर्दीत घुसायचं, यादीवर बोट ठेवायचं आणि नाव शोधायचं. बाकी काय लिहिलंय ते वाचायला वेळ कुणाला असतो?

आणि नाव असायचंच नाही.

लेक सात वर्षांची, दुसरीत. एप्रिलमध्ये आम्ही तिला इथल्या जपानी शाळेत घातलं. जवळच नवी भारतीय शाळा निघाली होती, पण तिथली प्रतीक्षायादी मारुतीच्या शेपटासारखी. लहान मुलं भाषा पटकन उचलतात, असं ज्यानं त्यानं सांगितलं. आमची उचलेना. उचलेना म्हणजे तिला सगळं कळायचं, टीव्हीवरची कार्टून बघून खदखदून हसायची, पण शाळेच्या दारातून आत गेली की तोंडाला कुलूप. एप्रिल गेला, जून गेला, उन्हाळ्याची सुट्टी गेली, ही वर्गात एक शब्द बोलली नव्हती. हजेरीला नुसता हात वर करायची. घरी मात्र विचारू नका. बूट काढता काढता तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा तो झोपेपर्यंत.

सुरुवातीला मीही कमी घोळ घातले नाहीत. एप्रिलमध्ये तिनं गणिताचा पेपर आणला, त्यावर लाल शाईचे गोलच गोल. आपल्याकडे चुकलेल्या गणिताभोवती गोल करतात. मी तिला दारातच झापलं. नंतर कळलं की इथे बरोबर उत्तराला गोल करतात. कपाळ माझं! त्या दिवशी तिला कोपऱ्यावरच्या कोंबिनी दुकानातून आइस्क्रीम आणून दिलं आणि यापुढे आधी विचारायचं मग बोलायचं असं स्वतःला बजावलं. ते किती दिवस टिकलं ते पुढे येईलच.

ऑक्टोबरमध्ये नवरा म्हणाला, "डिसेंबरपर्यंत बघू. नाहीच बोलली, तर तुम्ही दोघी पुण्याला जा. मी प्रोजेक्ट संपवून येतो." प्रोजेक्ट अजून दोन वर्षांचा होता. तो काही रागानं बोलला नव्हता. पण पोर अशी गप्प बसलेली किती दिवस बघायची? लेकीचा बापावर भारी जीव. तो रोज उशिरा यायचा, तरी ही ताटात एक घास त्याच्यासाठी ठेवूनच झोपायची. तिला बापापासून तोडायचं या कल्पनेनंच माझा जीव अर्धा व्हायचा.

आणि नेमके तेव्हाच शाळेत पाढे सुरू झाले.

मी म्हटलं, देव पावला. पाढे म्हणजे आपल्या घरची शेती! इथली मुलं नऊपर्यंत शिकतात, आमच्याकडे तिसापर्यंत पाठ करून घेतात. प्रत्येक मुलानं बाईंच्या टेबलापाशी जायचं, एकेक पाढा तोंडी म्हणायचा आणि शिक्का घ्यायचा. सगळे झाले की नाव चौकटीत. पाठांतरच तर आहे, म्हटलं. संभाषण नको, वाक्य जुळवायला नको, नुसती घोकंपट्टी. एकदा तोंड उघडलं की उघडलं.

रोज संध्याकाळी मी पोळ्या लाटायचे आणि ती फ्रीजला टेकून पाढे म्हणायची. आधी आपले, मग त्यांचे. त्यांचेही तालात म्हणायचे असतात. कंटाळा येऊ नये म्हणून मी मध्येच मुद्दाम चुकायचे. "बे दुणे चार, बे त्रिक सात..." की ती किंचाळायची, "सहाऽऽ! आई, वेडी आहेस का तू?" आणि पोट धरून हसायची. त्या दोन महिन्यांतलं तेवढंच सुख मला आठवतं.

दुपारी आली की मी विचारायचे, "गेलीस का बाईंकडे?"

"गेले."

"म्हटलेस?"

मग ती पायमोज्यातल्या भोकात बोट घालून बसायची.

चौकट दर शुक्रवारी भरत चालली. दर वेळी नवी नावं; एकूण आधी पाच, मग बारा, मग वीस. मी न झालेल्यांचा हिशेब ठेवायला लागले, कारण आपली एकटीच नाही एवढा तरी आधार. बागेत आपल्या बायका भेटायच्या. "बोलायला लागली का गं?" दर वेळी तोच प्रश्न, तोच गोड आवाज. मी सांगायचे, "लागेल की, घाई काय आहे!" आणि घरी येऊन बाथरूमचा नळ सोडून रडायचे. देवाला सांगून झालं, आईला फोन करून झाला, लेकीला बाहुलीचं आमिष दाखवून झालं, धाक घालून झाला. डिसेंबर उजाडला तेव्हा वर्गात पाढे व्हायची दोनच मुलं राहिली होती, आमची आणि एक मुलगा.

मग तो शुक्रवार. लेक त्या दिवशी लिफ्टसाठी थांबलीच नाही. चार मजले जिन्यानं धावत आली, धापा टाकत, गाल लाल. दप्तर पाठीवर तसंच आणि कागद हातात. "आई, दायोरी! दायोरी बघ!"

आलं गं बाई नाव, म्हटलं. कागद तिच्या हातातून घेतला, सरळ उलटा केला आणि चौकटीवर बोट ठेवलं. त्यात एकच नाव होतं. त्या मुलाचं.

"नाव आहे का तुझं?" मी विचारलं. डोळ्यांनी दिसत होतं तरी विचारलं.

ती म्हणाली, "नाही, पण आई..."

मी तिच्या थोबाडीत दिली. आजवर कधी दिली नव्हती. "मुकी आहेस का तू? तिसापर्यंत पाढे येतात आणि चार ओळी म्हणता येत नाहीत? तुझ्यामुळे आता बाबाला एकट्याला टाकून जायचं आपण. तुझ्यामुळे!" ती परत काहीतरी म्हणायला गेली. "एक शब्द बोलू नकोस," मी ओरडले. उचलली जीभ लावली टाळ्याला. आठ महिने जिनं बोलावं म्हणून मी नवस बोलत होते, तिला मी हे सांगितलं.

आणि तिनं ऐकलं.

त्याच संध्याकाळी नवऱ्याला सांगून टाकलं, तिकिटं काढ. शनिवारी दुपारी बेल वाजली. दारात वर्गातल्या दोन मुली, हातात दोरीउडीच्या दोऱ्या. लेकीला खेळायला बोलवायला आल्या होत्या. आठ महिन्यांत आमच्या दारात तिच्या वर्गातलं एक पोर आलं नव्हतं. याचं मला नवल वाटायला हवं होतं की नाही? पण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. सामान बांधायचं काढलं होतं. मी दोनदा वाकून, हातानं नाही नाही करून त्यांना वाटेला लावलं. लेक आतल्या दाराआडून बघत होती.

रविवारी माझ्या लक्षात आलं की ती घरातही बोलत नाहीये. आधी वाटलं, रुसलीय. जेवायला बोलावलं की यायची, ताट पुढे केलं की जेवायची, बापासाठी घास ठेवायची. बाप समोर बसला तरी मान हलवून उत्तर. सोमवारी मी पोळ्या लाटताना म्हटलं, "बे दुणे चार, बे त्रिक सात." आणि थांबले. ती फ्रीजपाशीच होती. तिनं माझ्याकडे बघितलं, पाण्याची बाटली घेतली आणि गेली. मंगळवारी पाया पडायची बाकी राहिले मी तिच्या. "बाळा, काहीतरी बोल. भांड माझ्याशी. शिव्या दे." काही नाही. शाळेतलं कुलूप घरी आलं आणि ते मीच आणून लावलं, एवढं मला समजत होतं. पुढे काय करायचं ते समजत नव्हतं.

गुरुवारी सकाळी आमच्याकडे रद्दीचा दिवस. इथे कचऱ्याचे वार ठरलेले, रद्दी सुतळीनं बांधून खाली ठेवायची. मी सगळे शाळेचे कागद एकत्र बांधून दाराशी ठेवले होते, तेवढ्यात जवळच्या इचिकावा गावात राहणाऱ्या मावशी आल्या. त्या मूळच्या दादरच्या. जपानी माणसाशी लग्न करून तीस वर्षं इथे. आम्ही निघालो म्हणून माझं कढीपत्त्याचं रोप न्यायला आल्या होत्या. बूट काढायला वाकल्या आणि गठ्ठ्यावरचा कागद वाचायला लागल्या. त्यांची सवयच ती.

"अगं, हे तुमच्या लेकीचं का?" त्या म्हणाल्या.

"तिचंच. तिचं नाव नाहीये त्यात. मागे चौकट आहे बघा."

"मागे नाही गं, पुढे." त्यांनी चष्मा लावला आणि तिथेच, एक बूट पायात असताना, मला मराठी करून सांगितलं. बाईंनी लिहिलं होतं की या आठवड्यात वर्गात एक आनंदाची गोष्ट घडली. एक मुलगी एप्रिलपासून मुलांचं नुसतं ऐकत होती. ती पाढे म्हणायला रोज टेबलापाशी यायची, उभी राहायची आणि परत जायची. शुक्रवारी सकाळी मी तिला म्हटलं, तुझ्या घरी जसे म्हणतात तसे म्हण. तिनं ते तिच्या घरच्या भाषेत म्हटले, दोनपासून नऊपर्यंत, न थांबता, मोठ्यानं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुलांनी तिला परत म्हणायला लावले. कुणी शिकवले असं विचारल्यावर ती जपानीत म्हणाली, माझी आई शिकवते, पोळ्या करताना. मध्येच ती मुद्दाम चुकते. तेव्हा मला खूप मजा येते. हे तिचं आमच्या वर्गातलं पहिलं बोलणं. जपानी पाढ्यांना वेळ आहे, आम्ही थांबू.

"नाव नाही घातलं, मूल संकोचेल म्हणून," मावशी म्हणाल्या. "पद्धत आहे त्यांची." मग माझ्याकडे बघून घाबरल्याच. "अगं, रडतेस काय? चांगलंच आहे की हे!"

थोबाडीत मारली हे कुठल्या तोंडानं सांगायचं? त्या रोप न घेताच गेल्या. तीन वाजेपर्यंत मी दाराशी त्या कागदासमोर बसून होते.

लेक आली. बूट काढून नीट जोडीनं ठेवले. मी तिला मांडीवर ओढलं, कागद दाखवला, माफी मागितली. किती वेळा मागितली ते आठवत नाही. "मला का नाही सांगितलंस गं? इतकी मोठी गोष्ट, आईला का नाही सांगितलीस?"

तिनं कागद उलटा केला. चौकटीवर बोट ठेवलं, अगदी माझ्यासारखं. सहा दिवसांनी ती बोलली.

"नाव नव्हतं ना पण त्यात."

तिकिटं रद्द केली. जानेवारीत तिचं नाव चौकटीत आलं, एकटीचंच. मी ते कापून फ्रीजवर लावलं. तिनं एकदा बघितलं आणि दोरीउडी घेऊन खाली गेली, मैत्रिणी थांबल्या होत्या. शाळेत मग ती जी सुटली ती सुटलीच. पुढल्या वर्षी बाईंनी सांगितलं, जरा कमी बोलायला सांगा. घरी मी विचारीन तेवढंच सांगायची. बक्षीस मिळालं तर हातात कागद द्यायची, बोट ठेवून. बाकी काय झालं, कोण हसलं, कोण भांडलं, ते मला कधीच कळलं नाही.

आता ती नोकरी करते. आम्ही अजून जपानमध्येच आहोत, जुन्या घरापासून दोन स्टेशनं पलीकडे. फोनवर मैत्रिणींशी तासन्तास जपानीत बोलते, हसते, दारातून ऐकू येतं. मागच्या रविवारी मी पोळ्या लाटत होते आणि ती फ्रीजमधून काहीतरी काढायला आली. मी म्हटलं, "बे दुणे चार, बे त्रिक सात."

"आई, मीटिंग आहे माझी," ती म्हणाली आणि खोलीचं दार लावून घेतलं.