परत एकदा, सिस्टर

आता जे लिहिते आहे ते माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही, आईला ठाऊक नाही, आणि ज्या बाईला ठाऊक असायला हवं तिला तर मी मुद्दाम कळू दिलेलं नाही. सहा वर्षं झाली. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि हाही भित्रेपणाच आहे, मला कळतं.

नागभीडला माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, साखरपुडे, बारशी. बाईमाणूस कॅमेरा घेऊन मांडवात फिरते याचं लोकांना आधी हसू यायचं, मग सवय झाली. लग्नाच्या फोटोग्राफरला एक वाईट खोड असते, तुम्हीही पाहिली असेल. नवरीनं हार घातला, टाळ्या वाजल्या, की आम्ही ओरडतो — "परत एकदा!" हार काढायला लावतो, पुन्हा घालायला लावतो. भटजींनाही थांबवतो. कॅमेऱ्यात जे आलं नाही ते झालंच नाही, असा आमचा हिशेब. आणि लोक हसत हसत ऐकतात. मला त्याची मजा वाटायची. काय मिजास होती माझी!

प्रणाली माझ्याकडे आली तेव्हा तिला सातवा महिना होता. जवळच्याच गावची. सासरी धानाची शेती, नवरा घुग्घुसला सिमेंटच्या कारखान्यात. लग्नाला आठ वर्षं झालेली, दोनदा दिवस राहून गेलेले. मोबाइलवर कुणा शहरातल्या बाईच्या बाळंतपणाचे फोटो तिनं पाहिले होते, तसे तिला हवे होते. सासू भडकली. बारशाआधी लेकराचा फोटो काढायचा म्हणजे नजरेला आवतण, असं तिचं म्हणणं. पण प्रणाली हटली नाही. मला म्हणाली, "तवा माह्ये डोळे मिटले राहतीन ताई. तुमी पाहून ठेवजा माह्यासाठी."

पाहून ठेवजा. एवढंच काम होतं माझं.

चंद्रपूरच्या एका खासगी दवाखान्यात, दिवस भरायच्या आधीच, तिला नेलं. डॉक्टरबाईंनी मला आत घेतलं — फ्लॅश लावायचा नाही आणि तिच्या डोक्याशीच उभं राहायचं, या अटीवर. नवरा ड्यूटीवरून निघून वाटेत होता, सासू बाहेर बसलेली. दुपारी मुलगा झाला. बारीक आवाजात रडला. सिस्टरनं त्याला पुसून प्रणालीच्या छातीवर ठेवलं. ओलं डोकं तिच्या हनुवटीखाली. ती दमून ग्लानीत होती. मी बटण दाबलं — आणि फोटो हलला.

मग मी काय केलं? सांगते. सांगतेच आहे.

मी म्हणाले, "परत एकदा, सिस्टर."

मांडवात म्हणते तसंच. हसून. डॉक्टरबाई टाके घालत होत्या, त्यांचं वर लक्ष नव्हतं. सिस्टर नवी, फोटोचं तिलाही अप्रूप. तिनं बाळ उचललं, परत ठेवलं. या वेळी तिचंच कोपर मध्ये आलं. बाळ छातीवर गप्प झालं होतं. प्रणालीनं डोळे मिटूनच त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. तिथं थांबता आलं असतं ना? कोणी घाई केली होती मला? मी पुन्हा तेच म्हणाले. सिस्टरनं पुन्हा उचललं. प्रणालीचा हात घसरला, तिचे डोळे उघडले. "काऊन नेऊन राह्यल्या? द्या ना त्याले," म्हणत तिनं दोन्ही हात पुढं केले.

बाळ वर, हात खाली, मध्ये खिडकीचा उजेड. इतका चांगला फोटो मी आयुष्यात काढला नव्हता. मी कॅमेऱ्यात तोच बघत होते, तेवढ्यात डॉक्टरबाईंनी मान वर केली. बाळाचा श्वास त्यांना बरा वाटला नाही. इकडं आण, म्हणाल्या. ते तिच्या हातांपर्यंत पोचलंच नाही. काचेच्या पेटीत गेलं, तिथून नागपूरला, आणि तिसऱ्या दिवशी गेलं.

कॅमेऱ्याची नजर लागली, असं सासू म्हणाली. फुप्फुसं कच्ची होती, कुणाचा दोष नाही, असं डॉक्टरबाईंनी तिला समजावलं. मी किती शहाण्यासारखी मान डोलावली! खेड्यातली अंधश्रद्धा, दुसरं काय. त्या वेड्या आरोपाआड मी अशी लपले की खरं काय ते कुणी विचारलंच नाही. तो माझ्यामुळं गेला नाही, खरंय. पण आईच्या अंगावर त्याला जो काय थोडा वेळ मिळायचा होता, त्यातला मी घेतला. फोटो नीट यावा म्हणून.

आणि एवढ्यावर भागलेलं नाही. आधीचे दोन फोटो — हललेला आणि कोपराचा — मी त्याच दुपारी व्हरांड्यातल्या बाकावर बसून कॅमेऱ्यातून उडवून टाकले होते. खराब काम गिऱ्हाइकाच्या नजरेला पडू द्यायचं नाही, ही माझी शिस्त. महिन्याभरानं प्रणाली दुकानात आली. "खराब झाले असतीन तेही द्या ताई. सारेच द्या." मग खाली बघत म्हणाली, "माह्या छातीवर ठेवलं होतं का हो त्याले? मले कोमट कोमट आठवते. का भास हाये माह्या?"

हो म्हटलं असतं तर तिनं तो फोटो मागितला असता. मग पुन्हा उचललं कशाला, हेही विचारलं असतं. मी म्हणाले, "नाही गं. तू हात पुढं केलेस आणि तेवढ्यात नेलं त्याला."

किती सहज निघालं तोंडातून! माझ्याच जिभेची शिसारी येते मला. ती सिस्टर पुढं नोकरी सोडून गेली, प्रणाली त्या दवाखान्याची पायरी पुन्हा चढली नाही. पाहिलेलं ते माझ्या एकटीजवळ उरलं. आणि माझ्यावर तर ते पाहून ठेवायचं काम सोपवलेलं होतं.

तो फोटो माझ्या दुकानाच्या दर्शनी काचेत आहे. मी तो तिथून उतरवणार होते — खरंच उतरवणार होते का? — तर तीच म्हणाली, "राहू द्या, लोकं पाहतीन त्याले." लोक पाहतात. आईची माया म्हणतात. त्यावरून मला लांबलांबची कामं आली आणि मी ती घेतली.

काल प्रणाली आली होती. बरोबर नवी धाकटी जाऊ, फोटो पहिल्यांदाच बघणारी. प्रणालीनं काचेवर बोट टेकवून तिला दाखवलं, "हे माह्ये हात. इथवर आलता तो. माह्या अंगाले लागलाच नाई."

जावेनं माझ्याकडं पाहिलं, खरं का म्हणून. मी हो म्हणाले. त्या दोघी गेल्यावर फडकं घेतलं आणि काचेवरचा तिच्या बोटाचा डाग पुसून टाकला.