भुंग्याची प्रत

ताईंचा धाकटा भाऊ बोलायच्या आधी गुणगुणायला शिकला, असं त्यांची आई सांगायची. जेवताना, दात घासताना, गणितं सोडवताना त्याच्या नाकातून एक बारीक सूर चालूच असायचा. वर्गातल्या मुलांनी त्याचं नाव भुंगा ठेवलं आणि बघता बघता घरातही तेच पडलं. भुंगा चाली लावायचा, ताई गायच्या. नवी चाल सुचली की स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, "ताई, हे जरा म्हणून बघ." हातातलं काम तिथंच राहायचं.

ताईंची पहिली कॅसेट निघाली ती त्याच्याच चालींवर. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी भुंगा त्यांच्या माइकशेजारी गाण्याचा कागद धरून उभा होता. शेवटची ओळ संपली, वाद्यं थांबली, पण ह्या पठ्ठ्याला राहवलं नाही. तीच ओळ तो नाकात घोळवत राहिला. ताईंना हसू फुटलं, आणि काचेपलीकडून कॅसेट कंपनीच्या माणसानं कपाळाला हात लावला. कॅसेट बाजारात आली तेव्हा हा शेवट अर्थातच कापलेला होता. पण भुंगा त्याच स्टुडिओत यंत्रांवर मदतनीस होता. न कापलेली एक प्रत त्यानं स्वतःसाठी उतरवून घेतली होती.

स्वतःपुरतीच ठेवली असती तर पुढचं काही घडलं नसतं. पण बहिणीचं कौतुक त्याच्या पोटात मावेना. दोन टेपरेकॉर्डर शेजारी शेजारी मांडून त्यानं मित्रांसाठी कॅसेटी भरल्या, त्याही मूळ कॅसेट दुकानात यायच्या आधी. त्यातली एक फिरत फिरत कंपनीच्या मालकापर्यंत गेली. मालक घरी आला आणि दारात उभं राहूनच त्यानं वडिलांना सुनावलं, "तुमचा मुलगा चोर आहे." वडील शाळेचे मुख्याध्यापक. जन्मभर त्यांनी कुणाचा खडूसुद्धा घरी आणला नव्हता.

ताई तेव्हा कार्यक्रमासाठी बाहेरगावी होत्या. परत आल्या तर भावाच्या खाटेवर नुसती गादी गुंडाळलेली. त्यांनी वडिलांना विचारलं तेव्हा ते खिडकीकडे बघत म्हणाले, "चोरानं ह्या घरात राहायचं नाही, असं मी म्हटलं. तो राहिला नाही."

सुरुवातीला वेगवेगळ्या गावांहून त्याची पत्रं आली. बरा आहे, काम मिळालंय, काळजी नको. मग तीही थांबली. आई गेली, वडील गेले, ताईंनी दोन्ही वेळा वर्तमानपत्रात जाहिरात दिली, पण कुणी आलं नाही. ताईंचं लग्न झालं, मुलगी झाली, नाव झालं. तरी कुठल्याही परक्या गावात गायला बसल्या की त्यांची नजर आधी शेवटच्या रांगेवरून फिरून यायची. साथीदारांना वाटायचं, ताई गर्दीचा अंदाज घेतायत.

पुढे कॅसेटी गेल्या, सीडी आल्या, सीडीही गेल्या आणि गाणी इंटरनेटवर फुकट फिरू लागली. गायक-वादकांच्या संघटनेत ताई उपाध्यक्ष होत्या आणि ह्या प्रकाराविरुद्ध सगळ्यात जास्त तळमळीनं बोलायचे ते व्हायोलिनवाले काका. एकदा दातांच्या डॉक्टरांकडे बसले असताना शेजारच्या माणसाच्या मोबाइलवर त्यांची स्वतःचीच धून वाजली. काका खूश होऊन म्हणाले, "ही माझी आहे." तो माणूस म्हणाला, "तुम्हाला हवीय का? पाठवतो, फुकटच आहे." काका हा किस्सा प्रत्येक सभेत सांगायचे. लोक हसायचे, आणि काका हसत नाहीत हे लक्षात आलं की गप्प व्हायचे.

ताईंचं मतही काकांसारखंच होतं. घाम गाळून केलेलं कुणी न विचारता उचलून नेलं तर ती चोरी, हे त्या मुलाखतींतूनही सांगत. त्यामुळे गाणी वाटणाऱ्या एका मोठ्या साइटविरुद्ध तक्रार करायचं ठरलं तेव्हा सही करायला त्या सगळ्यांच्या आधी हजर होत्या.

संघटनेच्या वकीलबाई तरुण आणि काटेकोर होत्या. "सही करण्याआधी प्रत्येकानं आपलं गाणं ऐकून आपलंच आहे याची खात्री करायची," त्या म्हणाल्या आणि त्यांनी ताईंचं पहिलं गाणं लावलं. इतक्या वर्षांपूर्वीचा तो कोवळा आवाज ऐकून ताई थोड्या लाजल्याच. शेवटची ओळ झाली. त्यांनी पेन उचललं. आणि मग वाद्यं थांबल्यावर, कुठून तरी लांबून आल्यासारखी, ती गुणगुण सुरू झाली. मागोमाग त्यांचं स्वतःचं हसू.

ताईंनी पेन खाली ठेवलं. "हे कुणी टाकलंय?"

"तसं कळत नाही हो. लोक टोपणनावं घेतात. पण साइट एकदा बंद पडली की—"

"माझं गाणं त्या तक्रारीतून काढा."

काका ताडकन उठले. "ताई, तुम्हीच असं म्हणायला लागलात तर आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

"तुमचं खरं आहे, काका. सगळं खरं आहे. पण हा माझा भाऊ आहे. मला एक महिना द्या. मग खुशाल बंद करा."

काकांनी बराच वेळ व्हायोलिनच्या पेटीवर बोटं आपटली. शेवटी महिनाभर थांबायच्या बाजूनं पहिला हात त्यांनीच वर केला.

घरी मुलीनं ते गाणं उतरवून घेतलं आणि टाकणाऱ्याला त्याच साइटवरून निरोप लिहिला. काय लिहायचं, ते ताईंना सुचेना. 'हे गाणं गाणारी तुझी ताई बोलतेय' असं त्यांनी सांगितलं, मग 'तुझी' खोडायला लावलं, मग परत घालायला लावलं. खाली फोन नंबर दिला. नंतरचे दिवस त्या फोन उशाशी घेऊन झोपल्या, आंघोळीला जातानाही तो मुलीच्या हातात देऊन जात.

फोन आला तो एका बाईचा. ती दूरच्या एका बंदराच्या गावी नर्स होती.

"गाणं मीच टाकलं, वडिलांच्या कॅसेटवरून. ते बोटी दुरुस्त करायच्या कारखान्यात होते. तिथं एक काका होते, सतत गुणगुणायचे. कारखाना बंद पडला तेव्हा जाताना त्यांनी सगळ्यांना ही कॅसेट दिली होती."

"देताना काही म्हणाला?" ताईंनी विचारलं.

"माझ्या ताईचा आवाज आहे, म्हणाले. मी लहान होते, पण मला आठवतं. आम्हाला वाटायचं, थापा मारतात."

"आणि गेला कुठं?"

"ते कुणालाच माहीत नाही. बाबा असते तर कदाचित सांगू शकले असते." मग तिनंच विचारलं, "मी असं टाकायला नको होतं का? चोरी होते का ती?"

ताईंनी उलट तिलाच विचारलं, तो बारीक झाला होता का, केस पिकले होते का, हसायचा का. नर्सनं आठवेल तेवढं सांगितलं. हसायचे, म्हणाली.

महिना संपला, तक्रार गेली आणि थोड्याच दिवसांत ती साइट बंद पडली. ते गाणं आता रीतसर सगळ्यांना फुकट देता येईल का, असं ताईंनी वकीलबाईंना विचारलं. पण हक्क जुन्या कंपनीकडून दुसऱ्या कंपनीनं विकत घेतले होते. नवी कंपनी ते गाणं विकतही नव्हती आणि ताईंच्या पत्रांना उत्तरही देत नव्हती. "कायद्यानं तुम्हीसुद्धा ते वाटू शकत नाही," वकीलबाई ओशाळून म्हणाल्या.

ताईंनी त्याच आठवड्यात उपाध्यक्षपदाचा राजीनामा दिला. मग मुलीला शेजारी बसवून ते गाणं, न कापलेलं, दुसऱ्या एका साइटवर टाकलं. टोपणनाव घेतलं नाही. स्वतःचं नाव, फोन नंबर आणि घरचा पत्ता घातला, आणि खाली लिहिलं, 'ज्याला हवं त्यानं घ्यावं, पुढे द्यावं.'

व्हायोलिनवाले काका घरी येऊन तासभर भांडले. चहा मात्र पिऊन गेले, आणि जाताना जिन्यावरून म्हणाले, "माझा मेव्हणा बोटीवर असतो. त्याच्याकडे देतो पाठवून. बघू."

तेव्हापासून ताईंना अनोळखी माणसांचे निरोप येत असतात. कुणी ट्रकवर ऐकतं, कुणी आजारी आईपाशी बसून. ज्याची वाट बघतायत त्याचा निरोप अजून आलेला नाही. संध्याकाळी गाण्याची शिकवणी संपली की ताई चष्मा लावतात, आलेला प्रत्येक निरोप शेवटपर्यंत वाचतात आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतात: तुम्हाला हे कुणी दिलं?