नवा नकाशा मळेल ना!

बांधकामाच्या साईटवर वाळू, खडी आणि किस्से कधी संपत नाहीत. वाळू-खडी निदान वापरली तरी जाते, किस्से नुसते साठत राहतात! आणि माझ्याकडचे बहुतेक किस्से आठवले तरी डोकं फिरतं. परवा भाच्याने त्याच्या कंपनीतलं सॉफ्टवेअर दाखवलं. नकाशा बदलला की सगळ्यांच्या मोबाईलवर नवीनच दिसतो, जुना आपोआप मागे पडतो. वर मला विचारतो, "मामा, तुमच्या वेळी हे कसं करायचात?"

झालं! माझं टाळकंच सरकलं.

आमच्या वेळी, म्हणजे नव्वदच्या दशकात, मी संगमनेरला एका संस्थेच्या प्रसूतिगृहाच्या कामावर साईट इंजिनिअर होतो. नकाशे पुण्याच्या आर्किटेक्टकडून यायचे, एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती, गुंडाळी करून. निळ्या रेघांचे आणि नाकात झोंबणाऱ्या अमोनियाच्या वासाचे. बदल झाला की कोपऱ्यात आर-वन, आर-टू असा नंबर वाढायचा. सगळ्यात मोठा नंबर खरा, आधीचे सगळे रद्द. इतकं सोपं! पण आमच्या साईटवर ते कुणाच्या गळी उतरलं असेल तर शपथ.

* * *

आर-टूमध्ये बाथरूमची भिंत सरकली होती. मी नकाशा आमच्या स्टोअरकीपरकडे, रंगनाथकडे दिला आणि बजावलं, "लगेच मुकादमाला दे." दोन दिवस जिल्ह्याच्या गावी कामाला गेलो. येऊन पाहतो तर भिंत जुन्याच जागी, दाराच्या उंचीपर्यंत चढलेली!

"रंगनाथ, नवा नकाशा कुठाय?"

त्याने कमरेची किल्ली काढून कपाट उघडलं. नकाशा आत होता. वर्तमानपत्रात गुंडाळलेला आणि सोबत डांबराची गोळी!

"साहेब, नवा हाय त्यो. साईटवर मळंल ना!"

घरातली नवी चादर पाहुण्यांसाठी ठेवतात, नवा कपबशीचा सेट पाहुण्यांसाठी ठेवतात, हे मी समजू शकतो. पण नकाशा कोणत्या पाहुण्यांसाठी? भिंत पाडली. रंगनाथला भिंतीचं काही वाटलं नाही. मी नकाशाची घडी मोडली म्हणून मात्र तो संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

* * *

मग मी नकाशे थेट मुकादमाला द्यायला लागलो. आमचे मुकादम म्हणजे शिवराम. कामाला वाघ, पण वाटणीत पक्के. एका नकाशावर चार जणांची कामं, मग भांडणं नकोत म्हणून त्यांनी कात्रीने नकाशाचे चार तुकडे केले! जिना गवंड्याला, संडास प्लंबरला, बाकीचं ज्याचं त्याला.

आर-थ्री आला, त्याचेही चार तुकडे झाले. तीन जणांनी जुने देऊन नवे घेतले. जिन्याचा गवंडी त्या दिवशी सासुरवाडीला गेला होता. त्याच्या खिशात जुनाच तुकडा राहिला.

जिना तयार झाला. मी वर चढलो आणि शेवटून चौथ्या पायरीला डोकं बीमवर आपटलं! टेंगूळ धरून खाली बसलो, तर शिवराम म्हणतात, "साहेब, वाकून गेलं तर बरुबर हाय."

प्रसूतिगृहाचा जिना! नऊ महिन्यांच्या बाईने वाकून जायचं! मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

* * *

पुण्याला कळवलं, तर त्यांनी त्यावर इलाज म्हणून एक गोल रबरी शिक्का पाठवला. त्यावर इंग्रजीत 'सुपरसीडेड'. जुन्या नकाशावर मारा म्हणजे तो बाद झाला. मी सगळ्या जुन्या नकाशांवर जांभळ्या शाईने दणादण शिक्के मारले आणि पहिल्यांदाच निवांत चहा प्यायलो.

आठवड्याने पाहतो तर सगळी साईट शिक्क्याच्या नकाशांवर जोरात सुरू! नवेकोरे नकाशे कोपऱ्यात, त्यांवर चुन्याची घमेली ठेवलेली.

"अहो शिवराम, हे बाद आहेत!"

"आसं कसं साहेब? गोल शिक्का हाय की! बिनशिक्क्याचा कागद कुटं चालतो का? तलाठी तरी घेतो का?"

सांगा, कुणावर चिडायचं? ज्याने आयुष्यभर शिक्क्यासाठी कचेरीत हेलपाटे घातले त्याच्यावर, की संगमनेरच्या गवंड्यांसाठी इंग्रजीत शिक्का बनवणाऱ्या त्या पुणेकर शहाण्यांवर? मी दोघांवरही चिडलो.

* * *

इथपर्यंत ठीक होतं. भिंत पाडता येते, जिना सुधारता येतो. खरा प्रश्न ऑपरेशन थिएटरच्या दाराचा होता.

या प्रसूतिगृहात काम करणार होत्या त्या डॉक्टर निकाळजेबाई. बोलणं कमी आणि नजर धारदार. त्या एक दिवस जुन्या दवाखान्यातलं स्ट्रेचर टेम्पोत घालून साईटवरच आल्या. बरोबर दोन वॉर्डबॉय. शिवरामच्या एका बिगाऱ्याला स्ट्रेचरवर झोपवलं आणि म्हणाल्या, "चला, थिएटरमध्ये न्या."

पॅसेजमधून वळून, अर्ध्या चढलेल्या भिंतीत सोडलेल्या दाराच्या जागेत शिरताना स्ट्रेचर अडकलं. पुढे जाईना, मागे येईना. बिगारी आडवाच हसत होता. बाई हसल्या नाहीत.

"जुन्या दवाखान्यात असंच दार आहे," त्या म्हणाल्या. "रक्तस्राव सुरू असलेली बाई स्ट्रेचरवरून उतरवायची आणि चादरीच्या झोळीतून आत न्यायची. एकदा झोळीतच गेली ती. मला दुसरं काही नको. दार मोठं हवं."

मी त्याच दिवशी पुण्याला पत्र टाकलं. उत्तर आलं, "आर-फाईव्हमध्ये दुहेरी रुंद दार देत आहोत." मी ते पत्र बाईंना दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

* * *

आर-फाईव्ह काही येईना. मी स्टँडवर प्रत्येक पुणे गाडीच्या ड्रायव्हरला विचारलं. रंगनाथने देवाची शपथ घेऊन कपाट रिकामं करून दाखवलं. शेवटी एसटीडी बूथवरून पुण्याला फोन लावला. आर्किटेक्टचा असिस्टंट म्हणाला, "आर-फाईव्ह केव्हाच गेलं. तुमच्याकडच्याच माणसाने हातोहात नेलं."

"कुणी नेलं?"

"पोचेवर सही आहे, पण लागत नाही."

"बरं, दाराची रुंदी तरी सांगा!"

"फोनवर मापं सांगायची नाहीत, असा सरांचा नियम आहे."

"मग दुसरी प्रिंट पाठवा!"

"एकदा पोच झालेल्या ड्रॉइंगची दुसरी प्रिंट देत नाही. लोक हरवतात."

बूथवाल्याने माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेतला, नाहीतर मी तो फोडला असता.

इकडे संस्थेचे अध्यक्ष नाना, यांना उद्घाटनाची घाई. मंत्री नक्की झाले होते, मांडव ठरला होता. मी हात जोडून म्हणालो, "नाना, आर-फाईव्ह हरवलंय. त्यात थिएटरचं दार आहे. थोडं थांबा."

नाना सगळ्यांसमोर कडाडले, "इंजिनिअरसाहेब, तुमाला कागूद संबाळता येत न्हाई, तुमी इमारत काय संबाळनार? जे हातात हाय त्ये बांदा!"

हातात आर-फोर होता. अरुंद दाराचा. बांधला! मान खाली घालून बांधला. त्या दिवसांत निकाळजेबाई समोरून आल्या की मी रस्ता बदलायचो.

* * *

उद्घाटनाचा दिवस उजाडला. झेंडूच्या माळा, सनई, इस्त्रीचे सदरे. मंत्र्यांची गाडी अजून वाटेत होती. दर्शनी हॉलमध्ये शिरलो तर समोरच्या भिंतीवर सागवानी चौकटीत, काचेमागे, आमच्याच इमारतीचा नकाशा! काचेला कुंकू, वर हार. निळी रेघ न् रेघ झळकत होती.

नाना गर्दीला सांगत होते, "म्या सोता आनला पुन्याहून, जीपमधी मांडीवर धरून. इतका देखना नकाशा! साईटवर दिला आसता तर पार मळला आसता. बगा, कसा कोरा ठिवलाय!"

मी जवळ गेलो. खाली उजव्या कोपऱ्यात लिहिलं होतं, आर-फाईव्ह.

 मागे निकाळजेबाई येऊन उभ्या होत्या. त्यांनी पुढे होऊन काचेवर बोट ठेवलं. थिएटर. दुहेरी, रुंद दार. मग त्यांनी पॅसेजच्या टोकाला असलेल्या खऱ्या दाराकडे पाहिलं.

नानांनी हसत नारळ पुढे केला. "बाई, मंत्रीसायेब येतील तवा येतील. ह्यो मान तुमचा. फोडा."

"नारळ मागाहून फोडू, नाना. आधी ती भिंत फोडा."

सनईवाला थांबला. बाई वळल्या. "शिवराम, पहार आणा."

शिवराम नवं धोतर सावरत पुढे आले. त्यांनी नानांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चाचरत म्हणाले, "फोडतो की बाई. पन किती फोडायची? नवा नकाशा कुटाय?"

निकाळजेबाईंनी हारासकट चौकट भिंतीवरून उतरवली आणि शिवरामच्या हातात दिली.

"हा घ्या. आणि मळू द्या!"