टाकीमागचा नवरंग

पक्षी दिसतो घटकाभर आणि किस्सा चिकटतो जन्मभर! आमच्या ग्रुपचं तर विचारूच नका. मी मुलुंडची, वैशाली कांदिवलीची, सावंतभाऊ घाटकोपरचे. बाकीचे येतात-जातात; पण थंडी सरली, पाहुणे पक्षी परतीला लागले, की आम्ही तिघं काही घरात सापडत नाही.

नियम एकच : चार डोळे. एकट्याने पाहिलेला पक्षी यादीत धरायचा नाही, दुसऱ्या कोणीतरी पाहायलाच हवा. नियम माझा, आणि मी नियमाची पक्की. राग येवो नाहीतर लोभ!

*

मार्चमध्ये मढच्या जेट्टीवर वैशाली किंचाळली, "नवीन पक्षी! काळ्या डोक्याचा!"

मी म्हटलं, "नवीन कुठला गं? थंडीभर पांढऱ्या डोक्याने फिरत होते, तेच हे कुरव. परत जायची वेळ झाली की डोकी काळी होतात त्यांची."

सावंतभाऊ गंभीरपणे म्हणाले, "बरोबरच आहे. मीपण गावाला जायच्या आधीच डाय लावतो!"

*

पार्ल्याला भाच्याची हळद होती. हॉलच्या खिडकीबाहेर बघते तर पिवळाधमक हळद्या! मी ओरडले, "हळद्या! हळद्या!"

बहीण वाटी घेऊन धावली. "आहे गं हळद भरपूर, ओरडतेस काय!" आणि माझे दोन्ही गाल माखले.

भाचा मात्र पाटावरून उठून खिडकीशी आला. "मावशी, तो बघ, वरच्या फांदीवर!" नवरदेवाचे दोन, माझे दोन. झाले की चार डोळे!

*

आमच्या सोसायटीत संध्याकाळी भोरड्यांचा थवा उतरायचा. अख्खं झाड काळं-गुलाबी! खालच्या गाड्यांची अर्थात वाट लागली. सेक्रेटरीचा फोन आला, "मॅडम, एवढे व्हिजिटर गेटवर एंट्री न करता आत आलेच कसे? मी फांद्या छाटणार!"

म्हटलं, "हात तर लावून बघा! एप्रिलमध्ये जातील, तेव्हा एकेकाला सही करायला लावते." फांद्याही राहिल्या, भोरड्याही राहिल्या. झकास!

*

आता गेल्या वर्षीचा मे. नवरंग नावाचा पक्षी दक्षिणेकडून वर जाताना मुंबईत जरा दम खायला उतरतो. हिरवी पाठ, पोटाखाली लाल, शेपटी नावालाच. त्यांच्या बिल्डिंगमागे, टाकीजवळच्या पाचोळ्यात तो दरवर्षी येतो, असं सावंतभाऊ सांगायचे. पण पाहिलेला एकट्यानेच!

त्या दिवशी तो दिसताच त्यांनी कुजबुजत मोबाईलला ग्रुपचा मेसेज सांगितला. 'नवरंग' म्हणाले, पण मोबाईलने लिहिलं भलतंच : 'टाकीमागे नवरा पाचोळ्यात बसलाय, हलत नाही, लवकर या.'

वैशालीने घाबरून सावंतवहिनींनाच फोन लावला. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन, शेजाऱ्यांसकट बोंब मारत टाकीमागे धावल्या. नवरा धडधाकट, नवरंग भुर्र!

"ह्या पाखरापायी माझो जीव गेलो असतो!" वहिनी मालवणीत कडाडल्या.

संध्याकाळी मी विचारलं, "दुसऱ्या कोणी पाहिला? नाही ना? मग धरायचा नाही." सावंतभाऊ त्यानंतर कितीतरी महिने माझ्याशी नीट बोलले नाहीत.

*

आणि यंदा त्यांची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. मागची झाडं जाणार, तिथे पार्किंग होणार. भाऊ म्हणाले, "या मेमध्ये दिसला तर दिसला. नाहीतर मी कायमचा थापाड्या."

पण नियम म्हणजे नियम. मग मीच सकाळी-सकाळी त्यांच्या टाकीपाशी जाऊन बसायला लागले. डास चावले, वॉचमनने हटकलं, नवरंग काही येईना. घर रिकामं करायचा दिवस उजाडला.

टेम्पो येऊन उभा राहिला. भाऊ गाद्या बांधत होते. मी नि वैशाली भांडी खोक्यात भरत होतो. दुर्बिणी कुठल्या खोक्यात गेल्या, देव जाणे. तेवढ्यात मागच्या गॅलरीतून वहिनी आल्या. पावलांचा आवाज नाही, तोंडाचा आवाज नाही. भाऊंचा हात धरला आणि हळूच म्हणाल्या, "चला. तुमचो तो इलोहा."

आम्ही चौघं गॅलरीत. खाली पाचोळा उलटत, टुणटुण उड्या मारत, गांडूळ ओढत होता. नवरंगच! दुर्बिणीची गरजच नव्हती. भाऊंच्या डोळ्यांना धार लागली. मी त्यांचा खांदा दाबला. "धरला, भाऊ! धरला!"

तेवढ्यात पुढच्या बाजूने टेम्पोवाल्याने हॉर्न ठोकला. पों पों पों! भाऊ दचकले. वहिनी पदर खोचून पुढच्या खिडकीकडे धावल्या आणि दात-ओठ खात त्याला म्हणाल्या,

"गप रव रे मेल्या! पावणो जेवताहा!"