चौदा डिग्रीचा नगरसेवक

राजकारणात गेलेले इंजिनिअर मी टीव्हीवर पुष्कळ पाहिलेत, पण शेजारी बसून माझ्याच पिशवीतल्या शेंगा खाणारा एकच. वागीफ त्याचं नाव. इथे आखातात, अल रीम आयलंडवर आमच्या टॉवरच्या मागे पाण्याकाठी बाक आहेत, तिथे संध्याकाळी आमची बैठक असते. मी चिंचोलीच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला, तो पार जुन्या सोव्हिएत देशातल्या बाकूच्या कॉलेजातला. बोलतो मात्र आम्ही हिंदीत. कारण वीस वर्षांपूर्वी तो इथे आला तेव्हा कंपनीने त्याला मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पात खोली दिली होती, आणि तिथल्या आपल्याकडच्या फिटरांनी त्याला हिंदी शिकवली. शिव्या आधी, व्याकरण नंतर.

इथे त्याने इतकी वर्षं टॉवरांना थंड पाणी पोचवलं, एसीसाठी. त्याच्या गावी गरम पाणी पोचवायचा. "दादा, पाइप तोच. फक्त लोक ओरडतात ते उलटं," म्हणतो. आता रिटायर होऊन मुलीकडे राहतो. ही कुबरा दातांची डॉक्टर आहे. माझी कवळी तिनेच बसवली, पण ती गोष्ट वेगळी.

तर त्याचं गाव डोंगरातलं. तिकडे घरोघरी चूल-शेगडी नाही; गावाचा एकच मोठा बॉयलर, त्याचं गरम पाणी पाइपांतून प्रत्येक इमारतीत फिरणार आणि खोल्या उबदार करणार. सगळं सरकारी. मग एके दिवशी सरकारच मोडलं! सोव्हिएत देश गेला, नवा झेंडा आला, आणि बॉयलरचं तेल निम्म्यावर आलं. बाहेर उणे दहा.

त्या धामधुमीत नगरपालिकेची निवडणूक लागली. एक उमेदवार म्हणाला, मी घरोघरी बावीस डिग्री देईन. बॉयलर सांभाळणारा वागीफ उभा राहिला. त्याने भर सभेत फळ्यावर आकडेमोड केली आणि म्हणाला, "चौदा. शेवटच्या घरापर्यंत चौदा. एका घरात जरी कमी भरलं, तर राजीनामा."

मी म्हटलं, "अरे, चौदा झालं की आमच्या गावी शेकोटी पेटवतात!"

"दादा, बाहेर उणे दहा असलं ना, की चौदा म्हणजे इथल्या अल ऐनच्या वाळवंटातला मे महिना."

लोकांनी त्याला निवडून दिलं. बावीसवाला थापा मारतोय, एवढं सगळ्यांना कळत होतं.

आता खरी मेख ऐका. बॉयलरजवळच्या इमारती गरम पाण्याची सगळी ऊब आधीच खाऊन टाकायच्या, टोकाच्या घरांना कोमट उरायचं. त्यावर उपाय म्हणजे जवळच्या इमारतींच्या पाइपात बारीक भोकाची लोखंडी चकती बसवायची, म्हणजे तिथे पाणी कमी शिरतं आणि पुढे जास्त जातं. वागीफने पहिली चकती बसवली ती स्वतःच्या इमारतीत! बायको महिनाभर बोलेना. हा घरी आला की ती मुद्दाम ओव्हरकोट चढवून स्वयंपाकाला उभी राहायची. शेजारी जिन्यात विचारायचे, "काय नगरसेवक, आम्ही मतं चुकून दिली का?" सकाळी बसवलेली चकती दुपारी कुणीतरी काढलेली असायची. हा पुन्हा बसवायचा. मधल्या वेळात नगरपालिकेच्या मीटिंगा.

शेवटी जानेवारीत थर्मामीटर घेऊन हा घरोघर निघाला. पंधरा, चौदा, साडेचौदा. खूश! पाइपाच्या अगदी टोकाला अजरा बाईंचं घर. त्याला शाळेत गणित शिकवणाऱ्या त्याच बाई. खोलीत थर्मामीटर टांगला. तेरा. अर्धा तास थांबला. तेराच.

बाईंनी थर्मामीटर काढून मुठीत धरला. "हे बघ, चौदा."

"बाई, ही तुमच्या मुठीची ऊब आहे."

"मूठ याच खोलीत आहे ना?"

"तुम्ही मला गणितात कधी एक मार्क फुकट दिला नाही."

"तेव्हा तू नगरसेवक नव्हतास, गाढवा! एका डिग्रीसाठी खुर्ची सोडतात का?"

याने सोडली. दुसऱ्या दिवशी राजीनामा. सगळं गाव हसलं. बावीसवाल्याने तर पेढे वाटले म्हणे. पेढे नसतील, तिकडचं जे काय असेल ते. बायकोने मात्र ओव्हरकोट काढून खुंटीला लावला आणि विचारलं, "आता काय?"

तिकडे अजरा बाईही आल्याच, तरातरा नगरपालिकेत. राजीनामा मागे घ्यायला लावतील असं लोकांना वाटलं. बाई म्हणाल्या, "राहू द्या त्याचा राजीनामा. मला माझी एक डिग्री पाहिजे. हा माणूस मीटिंगांत बसला म्हणूनच ती हरवली. त्याला बॉयलरवर परत पाठवा."

झालं! वागीफ परत बॉयलरवर. आता वेळच वेळ. पाइपालगत गावभर पायी फिरला आणि त्याला दिसलं की शेवटच्या गल्लीत पाइपाचं आवरण निघून गेलंय, तो उघडा पडलाय. सगळी ऊब बर्फाला मिळत होती. हे महिनाभर आधी दिसलं असतं. पण तेव्हा साहेब मीटिंगमध्ये रस्त्यांची नवी नावं ठरवत होते. त्याने लोकांकडे जुनी पांघरुणं मागितली. जे हसले होते त्यांनीच आणून दिली. एकाने तर आजोबांचा लष्करी कोट दिला. पाइपाला बिचाऱ्याला असं गुंडाळलं, जसं बाळंतिणीला गुंडाळतात.

इथे माझी नात अंतरा तिची पायाने ढकलायची स्कूटर थांबवून ऐकत उभी होती. तिच्यासाठी मी सगळं मराठीत करून सांगत होतो. ती म्हणाली, "बट आजोबा, ही लॉस्ट हिज जॉब!"

"अगं, जॉब परत मिळाला. गेली ती खुर्ची. पुढचं ऐक."

आठ दिवसांनी वागीफ थर्मामीटर घेऊन बाईंच्या दारात. आता नगरसेवक नाही, नुसता बॉयलरवाला. बाईंनी हात मागे बांधून घेतले, म्हणजे संशय नको. थर्मामीटर टांगला. दोघंही त्याच्याकडे बघत उभे, उकळत्या दुधाकडे बघावं तसे. पारा तेरावर आला, थांबला, आणि मग हळूच चौदावर जाऊन टेकला.

वागीफच्या डोळ्यांत पाणी आलं. तो काहीतरी बोलणार, तेवढ्यात बाई ओरडल्या, "भाषण नको! आधी ते दार लाव मेल्या, सगळी ऊब बाहेर चाललीय."